दोन डाव्या बाह्या

मास्तरांकडे जॅकेट शिवायला टाकायचं म्हणजे गिऱ्हाइकाने बाकीची कामं उरकूनच यायचं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मापं चुटकीसरशी व्हायची, पण प्रश्न संपायचे नाहीत. कॉलर उभी की पडती? चेन वरूनच उघडायची की खालूनही? खिसा हात कोंबायला की वस्तू ठेवायला? लग्न ठरवताना ज्याने एवढा विचार केला नसेल, त्या माणसालाही मास्तर मनगटाच्या टिचबटणावरून घाम फोडायचे. गिऱ्हाईक वैतागलं की म्हणायचे, "बाबा रे, कापड उसवता येतं. चामड्यात सुई गेली की भोक कायमचं. काय भांडायचं ते आत्ता भांडून घे, नंतर माझ्या नावाने खडे फोडू नकोस."

दुकान म्हणजे एक लांबोळकी खोली. पुढच्या खिडकीखाली कापायचं टेबल, भिंतीला दांड्यांवर गुंडाळलेली चामडी, आणि अगदी मागे, स्वयंपाकघराच्या दाराला लागून वहिनींचं मशीन. मास्तरांच्या बायकोला सगळी गल्ली वहिनीच म्हणायची, तिच्याहून म्हातारी माणसंसुद्धा. कापायचं मास्तरांनी, शिवायचं वहिनींनी. चामडं कापायच्या रापीला वहिनींनी लग्नापासून हात लावला नव्हता आणि मशीनला मास्तरांनी. दोघांची राज्यं वेगळी, मधे काय जायचा-यायचा तो चहा.

आणि मास्तरांचं कापणं बघण्यासारखं असायचं. रापी आतल्या अंगाला जराशी कलती धरायची आणि खांद्यापासून मनगटापर्यंत एका ओढीत आणायची, मधे उचलायची म्हणून नाही. तशाने कडेला एक बारीक उतरण पडते आणि शिवण गुबगुबीत न होता चापून बसते. दुरुस्तीला आलेल्या जुन्या जॅकेटची कड अंगठ्याने चाचपून मास्तर सांगायचे, "हे माझं," किंवा "हे कुठल्या तरी खाटकाचं." त्यात कधी चूक झाली नाही. बढाया मारायची सवय होतीच त्यांना, पण ही बढाई खरी होती.

विसरायला लागले ते हळूहळू. आधी माणसांची नावं गेली, त्याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण नावं त्यांना कधीच धड आठवायची नाहीत. मग कुलूप लावलं की नाही हे बघायला ते वाटेतून परत फिरू लागले. मग एकदा दुपारी जेवून उठले आणि तासाभराने, अजून पान वाढलं नाहीस म्हणून वहिनींवर चिडले.

"अहो, जेवलात की तुम्ही आत्ता. विसरलात."

पहिले काही महिने ते भांडायचे. तू मला वेड्यात काढतेस म्हणायचे. पण दरवेळी वहिनींचंच खरं निघायचं. खरकटं ताट मोरीत असायचं, गोळी पाकिटातून गेलेली असायची. शेवटी भांडायचं सोडलं. "तू म्हणतेस तर जेवलो असेन," म्हणायचे आणि गुपचूप टेबलाशी जाऊन बसायचे. वहिनींना ते भांडण बरं होतं असं वाटायला लागलं.

कामाला मात्र अजून धक्का लागला नव्हता. चामडं पुढ्यात पसरलं की मास्तर पूर्वीचे मास्तर होते. डोकं रिकामं होत चाललं तरी हातात सगळं शाबूत आहे, एवढ्यावर वहिनींचा सगळा भरवसा होता. मास्तरांचाही तेवढ्यावरच होता, पण ते बोलून दाखवत नसत.

अशात ती ॲम्ब्युलन्सवाली पोरगी आली. सरकारी दवाखान्याची ॲम्ब्युलन्स चालवायची. उंच, खांदे रुंद, केस बारीक कापलेले. तिने मोबाइलमध्ये एका जॅकेटचा फोटो आणला होता. त्याला पुढे चेन, खांद्याला चेन, दंडाला चेन, कोपराला चेन.

मास्तरांनी फोटो लांब धरून बघितला. "तू ॲम्ब्युलन्स चालवतेस की बँड वाजवतेस?"

पोरगी खो खो हसली. वहिनींनाही मशीनवर हसू आलं. मास्तरांनी तिला स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "आता गाडी चालव." तिने हवेत स्टिअरिंग फिरवून दाखवलं. "आता उतर. स्ट्रेचर ओढ." तिने तेही केलं. मास्तर तिच्याभोवती गोल फिरून बघत होते.

"पाठीत दोन्ही खांद्यांमागे चुण्या घालतो, म्हणजे हात पुढे गेले की पाठ अडकायची नाही. चेन खालूनही उघडणारी घे, बसलीस की पोटावर फुगणार नाही. आणि ही असली मोठी पडती कॉलर नको. पळताना गालावर फटाफटा वाजेल. उभी पट्टी घे."

"पण मला ती पडती आवडते हो, मास्तर."

"आवडते तर आरशाला लाव. गाडीत उभी घाल."

अर्धा तास त्या कॉलरवरून जुंपली. शेवटी उभी पट्टी ठरली. रंगावर घोडं अडेल असं मास्तरांना वाटत होतं, कारण सगळ्यांना काळं हवं असतं. पण तीच म्हणाली, "काळं नको. माझ्या गाडीत आडवा पडलेला माणूस आधीच घाबरलेला असतो. त्याने डोळे उघडले तर त्याला काळं दिसायला नको."

मास्तरांनी स्वतः उठून दांडीवरून एक तपकिरी चामडं काढून आणलं. त्यांनी कुठल्याशा कामासाठी जपून ठेवलेलं, मऊ, एकसारखं. अस्तर तिने पिवळं मागितलं. "आतलं कुणाला दिसणार आहे?" असं वहिनींनी विचारलं तर म्हणाली, "मला दिसेल ना, काकू."

सगळं ठरलं. मास्तरांनी खडू कानावर अडकवला आणि प्रसन्न चेहऱ्याने विचारलं, "बरं, आता कॉलर सांग. उभी की पडती?"

पोरीला थट्टाच वाटली. "उभी हो, हरले मी." मास्तरांनी मान डोलावली, खिसे तिरके ठरवले आणि मग पुन्हा तिच्याकडे वळले. "कॉलरचं काय करायचं?"

ह्या वेळी पोरगी हसली नाही. तिने वहिनींकडे बघितलं. रोज आजारी माणसं वाहून नेणारी ती, तिला काय सांगायला हवं होतं? पण वहिनींच्या तोंडातून भलतंच निघालं.

"मास्तरांची पद्धतच आहे ती. कॉलर तीनदा विचारतात. तिन्ही वेळा उत्तर एक आलं तरच कापायला घेतात."

"चांगली पद्धत आहे," पोरगी हळूच म्हणाली आणि तिसऱ्यांदा सांगितलं, "उभी."

ही थाप पुढे गल्लीभर झाली. मास्तर तीनदा विचारतात म्हणून लोक कौतुकाने सांगू लागले, आणि वहिनी मान खाली घालून ऐकू लागल्या.

त्या आठवड्यात मास्तरांनी तपकिरी चामडं कापलं. वहिनींनी पाठ जोडली, चुण्या घातल्या, पुढचे भाग लावले, डावी बाही चढवली. छान बसली. दुसरी हातात घेतली तर ती काही केल्या बसेना. कोपर मागे जायच्या जागी पुढे येत होतं. उलटून बघितली, पालटून बघितली. मग ती चढवलेल्या डाव्या बाहीशेजारी ठेवून बघितली.

दोन्ही बाह्या डाव्या होत्या.

चामडं कापडासारखं घडी घालून दुहेरी कापता येत नाही. एकेक तुकडा सुटा कापावा लागतो. डावी बाही झाली की पुठ्ठ्याचा साचा पालथा घालायचा आणि मग उजवी कापायची. साचा पालथा घालायला विसरणं ही नवशिक्याची चूक. मास्तरांकडे शिकायला येऊन गेलेल्या प्रत्येकाने ती एकदा केली होती आणि मास्तरांनी प्रत्येकाला त्यावरून पुढचं वर्षभर "काय रे, दोन डाव्या हातांच्या?" म्हणून हाक मारली होती. आता त्यांना काय म्हणून हाक मारायची?

मास्तर आत झोपले होते. चामड्याचा उरलेला तुकडा जेमतेम एका बाहीपुरता होता. वहिनींनी साचा पालथा घालून त्यावर ठेवला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच रापी उचलली. एका ओढीत कसलं कापणं! वीतभर कापायचं, थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा वीतभर. पण कापली. जादा डावी बाही मशीनच्या खणात अस्तराखाली दडपली आणि उजवी टेबलावर ठेवून दिली. त्यांना वाटलं, निभावलं.

मास्तर उठून आले. सवयीने बाही उचलली आणि कडेवरून अंगठा फिरवला. थांबले. पुन्हा फिरवला.

"ही कुणी कापली?"

वहिनी अस्तर कापत होत्या. "कुणी म्हणजे? तुम्हीच."

"नाही. हा माझा हात नाही." आवाज चढला नव्हता. उलट कित्येक महिन्यांत वहिनींनी त्यांना इतकं ठाम बोलताना ऐकलं नव्हतं. "रापी सरळ धरली आहे. इथे थांबली, इथे थांबली, इथेही. ही मी कापलेली नाही."

तेव्हा खरं सांगायचं होतं. दोन डाव्यांची लाज चार दिवस टोचली असती आणि मग तीही ते विसरले असते. पण तेवढा विचार करायला माणसाला उसंत लागते. वहिनींच्या जिभेवर जे रोजचं वाक्य होतं तेच आलं.

"अहो, तुम्हीच कापलीत सकाळी. विसरलात."

मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं, मग बाहीकडे, मग आपल्या अंगठ्याकडे. अंगठा जणू कुणी तरी उसना दिला असावा तसा ते तो निरखत होते.

"तू म्हणतेस तर कापली असेन," ते म्हणाले.

रापी त्यांनी फडक्यात गुंडाळली आणि टेबलाच्या कोपऱ्यात सरकवली. संध्याकाळी चहा घेतला नाही. उरलेली शिवण वहिनींनी रात्रीपर्यंत उरकली, मग पोरगी येऊन जॅकेट घालून गेली, आरशासमोर वळून वळून बघितलं, पिवळं अस्तर उघडून हसली. मास्तरांनी तिचं बोलणं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

वहिनींना रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी उठल्या उठल्या त्यांनी खणातली डावी बाही आणून मास्तरांच्या हातात दिली आणि सगळं घडाघडा सांगितलं. दोन डाव्या कशा झाल्या, उजवी आपण कशी कापली, काल आपण खोटं कसं बोललो. "तुमचा हात बरोबर होता. मीच खोटारडी."

मास्तरांनी डाव्या बाहीची कड चाचपली. "ही माझी."

"हो. तुमचीच."

"आणि ती उजवी तुझी?"

"माझी."

"तरी मी म्हटलं!" मास्तर खुशीत हसले. दोन डाव्यांचं त्यांनी मनालाही लावून घेतलं नाही. वहिनींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी नवं चामडं टेबलावर पसरलं, साचा मांडला, रापी फडक्यातून काढून हातात दिली. मास्तरांनी ती चामड्याला टेकवली. आणि तिथेच राहिली. बऱ्याच वेळाने त्यांनी ती खाली ठेवली.

"आज नको. आज हात बरोबर वाटत नाही."

का वाटत नाही हे त्यांना सांगता येईना. कालचं बोलणं, आजचं बोलणं, काहीच त्यांच्याजवळ उरलं नव्हतं. भीती तेवढी उरली होती. वहिनींनी दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं सांगितलं, तिसऱ्या दिवशीही. दरवेळी ते हसायचे, दरवेळी पटायचं, आणि रापी हातात आली की पटलेलं सगळं पुसून जायचं. माणसाला एवढं सगळं विसरता येतं आणि नेमकं विसरायचं ते विसरता येत नाही, ह्याचा वहिनींना फार राग यायचा. तो कुणावर काढायचा हे कळत नसे, म्हणून त्या भांडी आपटायच्या.

मग कापायचंही वहिनींवर आलं. गिऱ्हाइकांना प्रश्न विचारायचे मास्तर आणि ठरलेलं सगळं लक्षात ठेवायच्या वहिनी. वहिनी कापायला लागल्या की मास्तर स्टूल ओढून समोर बसायचे आणि निघालेला प्रत्येक तुकडा उचलून कड चाचपायचे.

"ही माझी नाही."

"नाही. माझी आहे."

"तरीच."

वहिनींनी मनाशी ठरवलं होतं की ह्या बाबतीत पुन्हा कधी खोटं बोलायचं नाही. मेलं तरी नाही. त्यांच्या अंगठ्याने जे सांगितलं त्याला हो म्हणायचं. दिवसातून दहादा तेच बोलणं व्हायचं आणि दहाही वेळा मास्तरांना बरं वाटायचं.

पण रोज कापून हात बसतोच. कलती धरली की कसं होतं हे मास्तरच सांगायचे, हवेत हात फिरवून. वर्ष गेलं. मास्तरांच्या तोंडचे प्रश्नही कमी होत गेले, कधी कॉलर आठवायची, कधी तीही नाही. एका सकाळी वहिनींनी एक लांब बाही खांद्यापासून मनगटापर्यंत एका ओढीत आणली, मधे कुठे न थांबता, आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

मास्तरांनी बाही उचलली. अंगठा वरून खाली गेला, खालून वर आला. त्यांचा चेहरा उजळला.

"ही माझी," ते म्हणाले.

वहिनींनी नाही म्हणायला तोंड उघडलं. मास्तर त्यांच्याकडे बघत होते. पूर्वी जुनं जॅकेट चाचपून गिऱ्हाइकाकडे बघायचे, अगदी तसे.

"हो," वहिनी म्हणाल्या. "तुमचीच."

"तरी मी म्हटलं." मास्तर समाधानाने मागे टेकले. थोड्या वेळाने त्यांनी वाकून वहिनींच्या चेहऱ्याकडे बघितलं. "मग रडतेस कशाला?"

वहिनींनी बाही त्यांच्या हातातून घेतली आणि मशीनवर जाऊन बसल्या.