आबासाहेबांची शेवटची दरबारी कविता

पोशेऱ्याहून पायी आलेला एक म्हातारा भर दुपारी जव्हारच्या कचेरीच्या पायरीशी उभा राहिला. डोक्याचं फडकं सोडत म्हणाला, "तुझा मैतर गेला, बाबा. परवाच जाळला." तिकडे राजालाही 'तू'च म्हणतात. आबासाहेबांना अग्नी देताना जव्हारचं एकही माणूस तिथं नव्हतं.

आबासाहेब मानकऱ्यांच्या घराण्यातले. दरबारात त्यांचं आसन माझ्या शेजारी. दर दसऱ्याला त्यांनी कविता म्हणायची आणि सगळ्यांनी माना डोलवायच्या, असा रिवाजच होता. त्या वर्षी एका बड्या कारभाऱ्याने स्वतःच्या बंगल्याचं लाकूड ओढायला ऐन लावणीत पोशेऱ्याची माणसं वेठीला धरली. नाचणीची रोपं तिथंच पिवळी पडली. आबासाहेब ते पाहून आले आणि चार दिवस लिहीत बसले. दसऱ्याच्या आदल्या सकाळी त्यांनी मला त्या वेठीवरची कविता वाचून दाखवली. "नाना, म्हणू का ही उद्या?" मी म्हणालो, "आबा, ही नाही म्हणायची तर कुठली?"

त्यांनी म्हटली. कोणाचीही मान हलली नाही. कारभारी सावकाश उठले. "ही कविता आधी आणखी कोणी ऐकली होती?" मी माझ्या शेल्याचा काठ बघत राहिलो. आबासाहेबांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "कोणीही नाही," ते म्हणाले.

कारभाऱ्यांनी पुढे असं काही चक्र फिरवलं, की महिन्याभरात आबासाहेबांचं आसन गेलं. ते उठले आणि त्याच पोशेऱ्यात कुडाचं घर बांधून राहिले. एकटे. मी गेलो नाही. पहिल्या वर्षी भीती होती, नंतर लाज, आणि मग इतकी वर्षं लोटली, की जायचं तरी कुठल्या तोंडानं... जामसरच्या वाटेवर एकदा ते समोरून येताना दिसले. खूप वाळले होते. "बरा आहेस ना, नाना?" एवढंच त्यांनी विचारलं. मी "हो" म्हणालो आणि घोडं पुढे काढलं. तीच शेवटची भेट.

ते गेल्यावर मात्र गेलो. त्यांच्या घरात कवितांचे कागद शोधले. एकही सापडला नाही. शेजारची म्हातारी काळूबाई दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "ल्हीत नसं तो. पण दर दसऱ्याला दोन पाट मांडायचा. एकावर आपण बसायचा, दुसऱ्यापुढं पान वाढून ठेवायचा. सांज झाली, की तो भात कोंबड्यांना."

"दुसरा पाट कोणाचा?"

"पुसला ना आम्ही. म्हणं, जव्हारचा मैतर येल. त्याला वाट गवसायला उशीर होतो."

भिंतीशी दोन्ही पाट टेकवून ठेवले होते. एक बसून बसून गुळगुळीत झालेला. दुसऱ्याच्या लाकडावर अजून रंध्याच्या रेघा होत्या. काळूबाईने तोच आडवा केला, पदराने पुसला, आणि म्हणाली, "बस."