दवाखान्यातलं घड्याळ

गंगापूर रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानातला माणूस कॉम्प्युटरवर पत्रिका काढून देतो. एका बोटाने टाइप करतो आणि छापलेल्या कागदावर फुंकर मारून तो हातात देतो. माझा पत्रिकेवर विश्वास नाही. मुलीचं लग्न जमत आलं होतं आणि मुलाकडचे मागत होते, म्हणून गेलो.

मी सांगितलेली जन्मवेळ त्याने टाकली. मुलीला मंगळ निघाला, म्हणजे स्थळ गेलंच. त्याने स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं, "साहेब, दवाखान्यातलं घड्याळ पुढं होतं का?"

"किती?" मी विचारलं.

"बघू की."

तो एकेक मिनिट मागे जाऊ लागला. अकराव्या मिनिटाला मंगळ शेजारच्या घरात गेला.

"अकरा मिनिटं पुढे होतं," मी ठामपणे म्हणालो. त्याने फुंकर मारून पत्रिका दिली.

निघताना मी विचारलं, "तुमची पत्रिका काय म्हणते?"

"माझी निघत नाय. वेळच माहीत नाय. आई म्हणती, चांदवडला कांद्याची गाडी भरत होतो, तेव्हा तू झाला." त्याने मशीनमध्ये नवे कागद सरकवले. "त्यामुळं माझं काय होणार, ते कोणालाच सांगता येत नाय. लय निवांत हाय."