आयर्लंडच्या प्रेमकथा वाचणारी

देवरीहून चिचगडमार्गे जाणाऱ्या एसटीत एक नर्सबाई रोज माझ्या शेजारी खिडकीशी बसायची. हातात रद्दीतून घेतलेली जाड इंग्रजी कादंबरी, आयर्लंडमधली, जुन्या काळातली प्रेमकथा. वाचताना तिचे ओठ हलायचे, मधेच ती हसायची. एकदा शेवटची थोडी पानं उरली असताना तिनं ते पुस्तक पिशवीत टाकलं आणि दुसरं काढलं.

मी विचारलं, "शेवट काऊन नाही वाचत जी?"

"लगन झालं का ते दोघं आपल्या घरी चालले जातेत," ती म्हणाली. "मंग माह्यासंगं कोन राहते?"

चिचगडला ती उतरली. तिला घ्यायला कधीच कुणी येत नसे. त्या दिवशी मी खिडकीतून तिला हात केला. हात दुसऱ्याच कुणाला केला असं वाटून तिनं मागं वळून पाहिलं.