कारल्याचा पडदा

जपानमध्ये, कोतोला फ्लॅट घेतला तेव्हा सोसायटीच्या कमिटीचं लचांड इथेही गळ्यात पडेल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इथे निवडणूक नसते. दरवर्षी घरांची पाळी लागते आणि पाळी आली की तुम्ही पुण्याच्या असा नाहीतर ओसाकाच्या, बसावंच लागतं. आमची पाळी आली ती नेमकी इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीच्या वर्षी.

या खेपेला दुरुस्तीत नवीन गोष्टी होत्या. गच्चीवर माती टाकून हिरवळ लावायची, भिंतींना ऊन परतवणारा रंग द्यायचा, पावसाचं पाणी गटारात न सोडता खालच्या बागेत जिरवायचं. उन्हाळे आता सोसवत नाहीत, शहराला बदलावंच लागेल, असं अध्यक्ष म्हणाले. हे एक निवृत्त, अतिशय मृदू बोलणारे गृहस्थ. मला त्यांचं सगळं मनापासून पटलं होतं. ‘सगळ्यात जास्त फायदा वरच्या मजल्याला,’ असं म्हणत त्यांनी आजींकडे हात केला आणि आजी मान लववून हसल्या.

आजी म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारीण. एकट्या राहायच्या. एसीच्या वाऱ्याने गुडघे धरतात म्हणून तो कधी लावायच्या नाहीत. त्याऐवजी दर वर्षी बाल्कनीत वरपासून खालपर्यंत जाळी बांधून तिच्यावर कारल्याचा वेल चढवायच्या. जुलैपर्यंत सगळी खिडकी पानांनी भरून जायची आणि बाहेर रस्ता भाजत असला तरी त्यांच्या खोलीत सुसह्य वाटायचं. कारली डब्यात घालून आमच्याकडे यायची. मी गूळ घालून भरली कारली करायची आणि त्याच डब्यातून परत पाठवायची, कारण डबा रिकामा परत करायचा नाही हे माझ्या आईने मला लहानपणापासून शिकवलेलं. आजीही त्याच वळणाच्या. त्यामुळे डबा सगळा उन्हाळा दोन दारांमध्ये फिरत राहायचा. माझी लेक घरच्या कारल्याला नाक मुरडायची आणि आजींकडचं अंडं घातलेलं कारलं चाटूनपुसून खायची. मला रागही यायचा आणि बरंही वाटायचं.

दुरुस्तीसाठी परांची बांधायची, सगळी इमारत जाळीत गुंडाळायची, म्हणजे बाल्कन्या रिकाम्या हव्यात. एक कुंडीसुद्धा नको. मी सभेत विचारलं, दक्षिणेची बाजू शरद ऋतूत घेता येईल का? आजींचा उन्हाळा त्या वेलावर निघतो. सगळे टेबलाकडे बघू लागले.

“विचार करू,” अध्यक्ष म्हणाले.

इथे इतकी वर्षं काढल्यावर ‘विचार करू’ म्हणजे काय ते मला कळतं. मग त्यांनी सगळ्यांसमोर आजींनाच विचारलं, तुम्हाला अडचण आहे का? त्या बाई काय सांगणार?

“सगळ्यांच्या भल्याचं आहे. माझं काही नाही,” आजी म्हणाल्या. मला अध्यक्षांचा संताप आला आणि खरं सांगायचं तर आजींचाही. रोपं त्यांनी स्वतःच उपटली.

ऑगस्टमध्ये रंगकाम आमच्या मजल्यावर आलं. रंग उडू नये म्हणून खिडक्यांना बाहेरून प्लास्टिक चिकटवलं, उघडायची सोय नाही. मी आजींना म्हटलं, “आमच्याकडे येऊन बसा. एसी चालूच असतो.” त्या आल्या, पण येताना बिस्किटांचा डबा घेऊन. दुसऱ्या वेळी महागाची द्राक्षं. त्यानंतर आल्याच नाहीत. मी लेकीबरोबर शिरा पाठवला, तर डबाही परत आला नाही.

“त्यांच्याकडे द्यायला काही नाहीये, म्हणून येत नाहीत,” लेक नेहमीप्रमाणे जपानीत म्हणाली.

“असं त्या म्हणाल्या?”

“म्हणाल्या नाहीत. पण तसंच असतं ना, आई.”

प्लास्टिक काढायला आलेल्या रंगाऱ्याने खिडकीतून आत पाहिलं, तर आजी जमिनीवर पडलेल्या होत्या. उष्माघाताने गेल्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. भिंतीच्या अलीकडे आमचा एसी चालू होता. ते मला आजही सहन होत नाही.

घर आवरायला त्यांची भाची आली होती. तिने आमचा डबा आणून दिला. तो धुऊन, कापडात बांधून ओट्यावर ठेवलेला होता म्हणे. “रिकामाच देते आहे, माफ करा,” असं म्हणून ती कमरेत वाकली. मी दार लावलं आणि खूप रडले.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गच्ची हिरवी झाली. ती उपयोगाची आहे हे पालिकेला दाखवायला वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत तापमापक बसवायचा होता. अध्यक्षांनी आजींचा फ्लॅट सुचवला. तो अजून विकला गेला नव्हता. तिथे स्वयंपाक नाही, एसी नाही, माणसाची ये-जा नाही, म्हणजे आकडे चोख येणार. भाचीने परवानगी दिली.

आमची पाळी तेव्हा संपली होती, तरी मी वार्षिक सभेला गेले. पडद्यावर आजींच्या खोलीचा आलेख होता. खिडक्या बंद असूनही खोली उन्हाळाभर बरीच गार राहिली होती.

“आज त्या असत्या तर किती आनंद झाला असता त्यांना,” अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते.

मी उभी राहिले. “दुरुस्ती चालू होती त्या उन्हाळ्याबद्दलही अहवालात लिहा,” मी म्हटलं. “त्या खोलीत तेव्हा काय झालं, ते.”

सगळे टेबलाकडे बघू लागले.

“विचार करू,” अध्यक्ष म्हणाले.