सोळा वर्षांची वाट

टोरांटोजवळच्या रिचमंड हिलमधल्या एका घराच्या बेसमेंटमध्ये मी अडीच वर्षं राहिले. आधी कॉलेज, मग वॉनमधल्या एका वेअरहाउसच्या ऑफिसात नोकरी. नवरा नाशिकला होता. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते तेव्हा मी इकडे आले. ‘सहा महिन्यांत तूही येशीलच,’ असं विमानतळावर त्याला ठासून सांगितलं होतं. त्याचा व्हिसा एकदा नाकारला गेला. आम्ही परत अप्लाय केलं आणि मग नुसती वाट बघणं सुरू झालं.

संध्याकाळी कामावरून आले की मी भात-आमटी गरम करायचे, फोन तांब्याला टेकवून उभा करायचे आणि त्याच्याशी बोलत जेवायचे. तिकडे सकाळ असायची. तो चहा घेत बसायचा. कधी बोलायला काही नसायचं, तरी फोन चालूच ठेवायचो.

घरमालकीणबाई वर राहायच्या. पंचाहत्तरीच्या, चिनी घरातल्या, पण जन्म टोरांटोतला. कपड्यांची मशीन माझ्या खोलीला लागून होती, त्यामुळे दोन दिवसांआड त्या खाली यायच्या. आमचं बोलणं इंग्रजीतून, तेही हवापाण्यापुरतं.

एका संध्याकाळी ईमेल आली. व्हिसासाठी आणखी कागद हवे होते, म्हणजे पुन्हा काही महिने. नवरा फोनवर म्हणाला, “अगं, होईल. रडू नकोस,” आणि त्याचाच आवाज चिरकला. मी फोन ठेवून जिन्याच्या पायरीवर बसून रडत होते, तेवढ्यात बाई टॉवेल घ्यायला खाली आल्या. मला बघून शेजारी बसल्या.

“तुझा नवरा किती दिवस झाले भेटला नाही?”

“एक वर्ष आणि आठ महिने.”

त्यांनी मान हलवली. “माझ्या आई-वडिलांना सोळा वर्षं लागली.”

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. मग त्यांनी सांगितलं. वडील पोरवयात चीनमधून इथे आले, लॉन्ड्रीत कामाला लागले. तरुणपणी गावी जाऊन लग्न केलं, वर्षभराच्या आत परतले. बायकोला आणता येणार नव्हतं, कारण तोवर चिनी माणसांना इथे यायला कायद्यानेच बंदी झाली होती. तो कायदा रद्द झाला, पुढे कागदपत्रं झाली आणि मगच आई आली.

“स्टेशनवर आई त्यांच्यासमोरून सरळ पुढे निघून गेली,” बाई म्हणाल्या. “तिच्या डोक्यात तरुण नवरा होता. आणि बाबा घरात उभ्यानेच जेवायचे. एकट्याने कशाला टेबल मांडायचं? आईने पहिल्या दिवशी दोघांचं पान मांडलं, तर ते वाडगा उचलून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.”

मी डोळे पुसत म्हटलं, “मग आमचंही तसंच म्हणायचं.”

“नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या. “तुझे कागद निदान कुणीतरी वाचतंय. माझ्या आईला अर्जच करता येत नव्हता.” मग म्हणाल्या, “तुमच्याही लोकांना अडवलं होतं. आपल्या देशातून थेट, मध्ये कुठेही न थांबता आलात तरच उतरता येईल, असा नियम होता. आणि तसं थेट येणारं जहाजच मिळत नव्हतं. माहीत नाही तुला?”

मला माहीत नव्हतं. तेव्हा दोन्हीकडे राज्य इंग्रजांचंच होतं, तरी दार बंद. माझ्याच देशाची ही गोष्ट मला या बाईंकडून कळावी, याची लाज वाटली. त्या रात्री कितीतरी वेळ मी त्या न आलेल्या बायकांचा विचार करत राहिले. त्यांच्याकडे फोन नव्हता. नवऱ्याचा आवाज कसा होता, हे त्यांना आठवत तरी असेल का?

नवरा शेवटी सप्टेंबरमध्ये आला. विमानतळावर मी त्याला लगेच ओळखलं. पण घरी आल्यावर त्याने विचारलं, “वॉशरूमला जाऊ का?” स्वतःच्या घरात परवानगी मागत होता तो. पहिला महिना जड गेला. दिवा कधी मालवायचा, खिडकी उघडी ठेवायची का, सगळ्यावरून कुरबुर. एकदा तो म्हणाला, “फोनवर तू किती बोलायचीस!” खरं सांगायचं तर मलाही फोनमधला तो आठवायचा.

मी वर जाऊन बाईंना विचारलं, “तुमच्या आईला किती दिवस लागले हो रुळायला?”

“ती कधी बोलली नाही. पण मी आठ वर्षांची असताना बाबा एका मित्राच्या अंत्यविधीसाठी दुसऱ्या गावी गेले होते, दोन दिवस. आई सारखी खिडकीशी जायची. मी विचारलं, काय बघतेस? तर म्हणाली, काही नाही. दुसऱ्या दिवशी बाबा आले तेव्हा ती त्यांना रागावली. एवढा उशीर का केला म्हणून. मी तिला रागावताना पहिल्यांदाच पाहिलं.”

“आणि बाबा?”

“हसत होते. कोट न काढता तसेच दारात उभे राहून हसत होते.”

पुढच्या वर्षी नवऱ्याला ओटावाच्या कनाटा भागात नोकरी लागली आणि आम्ही इथे राहायला आलो. आता आमचं भांडण आणि बोलणं दोन्ही एकाच घरात होतं, आणि ते बरं वाटतं. रविवारी मी बाईंना फोन करते. मागच्या आठवड्यात त्या म्हणाल्या, “ती सोळा वर्षं तिने तिकडे काय केलं, हे मी आईला कधी विचारलंच नाही. तेव्हा सुचलं नाही. आता खूप विचारावंसं वाटतं.”

मी फोन तांब्याला टेकवून उभा केला आणि तसाच चालू ठेवला.