नित्या अडाणी नव्हता

माझ्या भावाला एकट्या थंडीने मारलं नाही.

आज पाच वर्षं झाली. नितीन, आमचा नित्या. मुरबाडच्या एमआयडीसीत फिटर होता. कंपनीने मशीन बसवायला तीन महिन्यांसाठी अमेरिकेत पाठवला, टेक्सासला.

जाताना एकच स्वेटर नेला. तिकडे आपल्यासारखंच ऊन असतं म्हणाला. फेब्रुवारीपर्यंत ते खरंही होतं.

मग ते बर्फाचं वादळ आलं. लाइट गेली ती कितीतरी दिवस आलीच नाही. नळाचे पाइप फुटले. त्याच्या बिल्डिंगमध्ये हीटरपासून चुलीपर्यंत सगळं लाइटवर.

माणसं घरात बसल्या जागी गारठून गेली. तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल, विसरलाही असाल.

तिथून चाळीस मिनिटांवर आमचा चुलतभाऊ राहतो, सुरेशदादा. त्याच्या एरियात हॉस्पिटल, म्हणून लाइट एक मिनिटही गेली नाही.

मी तेव्हा माहेरी बाळंतीण. लेक बारा दिवसांची. आईने बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवलेली. आपल्याकडे संध्याकाळ, नित्याकडे सकाळ. व्हिडिओ कॉलवर त्याचे दात वाजताना ऐकू येत होते.

"दादाला विचारलास?"

"विचारला ना. बोलला रस्ता घसरतोय, निघू नको. आन कोरोना हाय, घरात पोरं हायत. उद्या बघू बोलला."

"मग आता?"

"काय नाय गो ताय. रातभर झोपलो नाय. आता जरा पडतो."

तो पडला तो उठलाच नाही. खोलीत कोळसा पेटवून झोपला होता. बंद खोलीत त्याचा गॅस साठला.

त्याच दिवशी सुरेशदादाने फोटो टाकले होते. मित्राच्या अंगणात बर्फाचा माणूस, बाजूला वहिनी, पोरं, हातात चहाचे मग. एक फोटो तर चालत्या गाडीतला.

म्हणजे रस्ता फक्त माझ्या भावासाठी घसरत होता.

नंतर डिलीट केलेस दादा. माझ्याकडे स्क्रीनशॉट आहेत.

पुढच्या वर्षी हा गावी आला आणि काकांच्या ओटीवर बसून वर तोंड करून सांगत होता, "घरात कोळसा पेटवतं का कोणी? एज्युकेशन नसलं की असं होतं. गावठीपणा नडला त्याला."

माझे बाबा मान खाली घालून ऐकत होते. मी पण तिथेच होते, आणि गप्प होते.

का गप्प होते, ते आज लिहिते.

कोळसा पेटव, असं मी सांगितलं होतं.

त्याच्या बाल्कनीत आधीच्या भाडेकरूची लोखंडी शेगडी होती आणि कोळशाची अर्धी पिशवी. मी म्हटलं, घे आत. तो म्हणाला, "हा बाहेरच वापरायचा असतो ताय. पिशवीवर लिवलाय."

मी मोबाइल बाजेखाली धरला. "हे बघ निखारे. बारा दिस झाले, पोरीला शिंक पण नाय आली. काय नाय होत. आन दाराच्या फटीत चादर कोंब, ऊब बाहेर जाते."

आमच्या घराच्या भिंती कुडाच्या, वर कौलं. शेगडीतलं जे काही असेल ते निघून जातं. आमच्याकडे सगळ्या बाळंतिणी अशाच शेकल्या. त्याची खोली डब्यासारखी बंद होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्याला कळत होतं. त्याने फक्त मोठ्या बहिणीचं ऐकलं.

पाच वर्षं लोकांनी त्याला अडाणी म्हटलं आणि मी म्हणू दिलं. स्वतःची लाज झाकायला मेलेल्या भावाचं नाव वापरलं. लेकीच्या प्रत्येक वाढदिवसाला मी हे भोगते आणि भोगणार.

पण दादा, तू काय भोगलंस?

येत्या रविवारी शहापूरला तुझ्या बंगल्याची वास्तुशांती. पत्रिकेवर सहकुटुंब लिहिलंयस. मी येणार.

नित्याचा मोबाइल बॉडीबरोबर परत आला होता. त्यात तुला केलेले कॉल आहेत, तू न उचललेले. तुझा मेसेज आहे, 'रोड्स आर बॅड, उद्या बघू.' तो आणि तुझे फोटो मोठे छापून घेतलेत.

सत्यनारायणाला बसलेल्या सगळ्यांसमोर आधी माझं सांगणार, मग तुझं. भटजींना थांबावं लागलं तर थांबतील.

वहिनीला, पोरांना आधीच सांगून ठेव. माझ्या तोंडून ऐकायला लावू नकोस.

बोलून मला बरं वाटेल असं नाही. पण तुझ्या नव्या घरात पहिलं नाव माझ्या भावाचं घेतलं जाईल, एवढं नक्की.

नित्या, आईला अजून काही माहीत नाही. ती फेसबुकवर नाही. आज चारच्या एसटीने मुरबाडला निघतेय, तिला सांगायला.

ती मला घरात घेईल की नाही, माहीत नाही.

तुला पाच वर्षांनी पहिल्यांदा खरं बोलून हात जोडते, भावा. दादाला सोडणार नाही. तू मला सोडू नकोस.

तुझी ताय