तीन भाषांतली पाटी

मी, तुमची आजी, फार शिस्तीची, एवढं तुम्हाला दूरदेशीही ठाऊक आहे. त्या शिस्तीने अकरा गिधाडं मारली, ते कोणी सांगितलं नसेल.

ऐंशीच्या दशकात आम्ही सौंसरला राहत होतो. लोधीखेड्याच्या वाटेवर आमची संत्र्याची बाग होती. बागेमागच्या नाल्यापलीकडे मेलेली गुरं टाकत. तिथल्या अर्जुनाच्या झाडावर गिधाडं बसलेली असत, पंगतीची वाट पाहणाऱ्या वऱ्हाडासारखी. सकाळी बैल टाकला की दुपारी हाडं उरत. बागेत कधी वास आला नाही. त्याबद्दल कोणी गिधाडांचे आभार मानल्याचंही आठवत नाही.

एका उन्हाळ्यात बिबट्याने आमची कालवड मारली. माझ्या दिरांनी तिच्यात कपाशीवर फवारायचं औषध भरायचं ठरवलं. बिबट्या मारणं गुन्हा आहे, हे त्यांना माहीत होतं. पण शेजाऱ्याचं कुत्रं मेलं तर भांडण होईल, ही काळजी मोठी. म्हणून ते माझ्याकडे आले.

"वहिनी, तुमचं अक्षर चांगलं हाये. एक पाटी लिहून द्या. इंग्रजीतबी लिहा, म्हणजे वजन पडते."

मी लिहिली. मराठी, हिंदी, इंग्रजी; ओळी पट्टीने आखून. 'सावधान! येथे बिबट्यासाठी विष ठेवले आहे.' खाली बागमालकाचं नाव. गुन्ह्याची कबुली इतक्या सुवाच्य अक्षरात क्वचितच कोणी दिली असेल. वनरक्षक सायकलवरून आले, पाटी वाचली, "बाई, इंग्रजी एकदम फर्स्ट क्लास," म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

शेजाऱ्यांनी पाटी वाचून कुत्री बांधली. बिबट्याही फिरकला नाही. बहुधा शिकलेला होता. निरक्षर निघाली ती गिधाडं. दुसऱ्या दिवशी नाल्यात माना टाकून पडलेली मी मोजली. अकरा. झाडावर सहा उरली होती.

त्याच वर्षी पोळ्याच्या रात्री बिबट्याने वासरू मारलं. सकाळीच दीर दारात.

"वहिनी, औषधाच्या कपाटाची किल्ली द्या. अन् ते पाटी कुठं हाये?"

विषारी औषध कुलपात ठेवायचं, हा घरात माझाच नियम.

"किल्ली हरवली, भाऊजी."

सासूबाई म्हणाल्या, "इच्या हातून कधी सुई हरवली नाही, अन् किल्ली हरवली?"

"वयानं होऊन राहिलं असंन," दीर म्हणाले. मी बेचाळीस वर्षांची होते.

शोध मीच चालवला, एकेक फडताळ क्रमाने. दीर कुलूप फोडायला निघाले, तर सासूबाईंनी सणासुदीला फोडाफोडी नको म्हणून अडवलं. औषधाचा नवा डबा आणावा तर मुलांच्या तान्ह्या पोळ्यामुळे दुकानं बंद, आणि पांढुर्ण्याला गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून दगडफेक करायची जत्रा. शेवटी दीर वैतागून गोटमार पाहायलाच गेले. वासराला औषधाविना नाल्यापलीकडे नेलं.

दुपारी मी बागेच्या कुंपणाशी उभी राहिले. पंगत बसली होती. संध्याकाळी सगळी झाडावर परतली, तेव्हा दोनदा मोजली. सहा.

किल्ली माझ्या पदराच्या गाठीत होती. ती चार दिवसांनी मलाच 'सापडली'. पाटी मात्र तोवर न्हाणीच्या बंबात गेली होती. तिन्ही भाषांवर पाणी छान तापलं.